कुळ विचारू नका, ऊन द्या

जून २००६ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन सिनेमे पडद्यावर आले आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता. 'क्रिश'ने त्याचं उत्तर ठामपणे दिलं: रोहित मेहराचा मुलगा कृष्णा बापाची अचाट ताकद घेऊनच जन्माला येतो. 'सुपरमॅन रिटर्न्स'मध्ये मामला इतका सरळ नाही. काही वर्षं गायब राहून सुपरमॅन पृथ्वीवर परततो, तर इकडे पत्रकार लोइस लेनला एक मुलगा झालेला असतो. जेसन त्याचं नाव. अंगाने किरकोळ, दम्याचा पंप जवळ बाळगणारा. तो लोइसच्या होणाऱ्या नवऱ्याचा, रिचर्डचा मुलगा, असंच सगळे धरून चालतात. तो सुपरमॅनचा असावा अशी शंका येते ती खलनायक लेक्स लुथरला. ज्या क्रिप्टोनाइटने सुपरमॅन लुळा पडतो, त्याचा तुकडा तो पोरासमोर धरून बघतो. पोराला काहीच होत नाही. थोड्या वेळाने लुथरच्या बोटीवर एक गुंड लोइसच्या अंगावर धावून जातो, आणि अख्खा पियानो सरकत येऊन त्या गुंडाला चिरडतो. तो ढकललेला असतो जेसनने. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत जेसन असं काही पुन्हा करत नाही, आणि पाहणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न राहतो: पोरात बापाची शक्ती उतरली की नाही?

भिवंडीतल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. हे सिनेमे आजच्या मुलांच्या जन्माआधीचे, पण मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत त्यांनी ते पाहिलेले असतात. धडा सुरू झाला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, सुपरमॅनच्या पोराला पॉवर येणार ना?" वर्गात हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याच्या मागे मुलं आपणहून विज्ञानात शिरतात. वर्गाबाहेर हाच प्रश्न या शहरातल्या प्रत्येक मुलाला विचारला जातो. 'बाप काय करतो?' एवढं विचारून आपण पोराची कुवत ठरवतो. तिथे तो घातक आहे, आणि तो विचारणं आपण थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मुलांना मी जे सांगते ते सांगते. दोन वेगळ्या ग्रहांवरच्या जिवांना मूल होणं मुळातच अवघड. घोड्याची गुणसूत्रं ६४ आणि गाढवाची ६२. त्यांच्या खेचराकडे ६३ येतात आणि खेचराची पुढची पिढी बहुधा होतच नाही. घोडा आणि गाढव तर एकमेकांचे सख्खे शेजारी. क्रिप्टॉन ग्रहावरच्या माणसाची गोष्टच सोडा. तरी सिनेमाचं खरं मानू. मेंडेलने ब्रनोच्या मठात वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ मध्ये छापून आले. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला तर पहिली पिढी सगळी उंच निघते. बुटकेपणा संपला असं वाटतं, आणि दुसऱ्या पिढीत तो चारांत एक या प्रमाणात परत येतो. तेव्हा सुपरमॅनची ताकद अप्रभावी गुणासारखी असेल, तर ती जेसनमध्ये दिसणार नाही आणि कदाचित त्याच्या नातवंडांत उगवेल. लुथरच्या हातातल्या दगडाने काहीच सिद्ध होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मुली लगेच पकडतात. बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो. त्याचं एक्स गुणसूत्र जातं ते मुलीकडेच. ती शक्ती एक्सवर असेल, तर सुपरमॅनच्या मुलाला बापाकडून ती मिळणं शक्यच नाही. मुलीला मात्र ते गुणसूत्र मिळणारच. तरीही अशा गोष्टींत सगळ्यांच्या नजरा मुलावर असतात.

'क्रिश'चं उत्तर तर विज्ञानात बसतच नाही. 'कोई मिल गया'मध्ये रोहितला ताकद मिळते ती परग्रहावरून आलेल्या जादूकडून, तो मोठा झाल्यावर. तो त्याने नंतर मिळवलेला गुण आहे. आयुष्यात मिळवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात, अशी मांडणी लामार्कने केली होती. जर्मनीत वाइसमान यांनी पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या. प्रत्येक पिढीत पिल्लं पूर्ण शेपटीची जन्मली. बापाने कमावलेलं किंवा गमावलेलं शरीर पोराला वारशाने मिळत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते, कारण भिवंडीतल्या मुलांना त्याचा अर्थ दुसऱ्या कोणापेक्षा जास्त लागू पडतो.

तो कसा, हे माझ्या वडिलांवरून सांगते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते जॉबर होते. कारागीर माग चालवतो. माग अडला, धोटा उडायला लागला, कापडात दोष दिसू लागला की हाक पडते ती जॉबरला. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या पेटीतून त्या पेटीत फेकला जातो आणि दर फेकीला ठोका पडतो. शेडमधले सगळे माग एकदम चालू असले की नवख्या माणसाला शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. अण्णा दारात उभे राहायचे, क्षणभर मान कलती करायचे आणि बोट दाखवायचे: भिंतीकडून तिसरा. जाऊन पाहावं तर त्याच मागावर धोट्याला मारणाऱ्या काठीचा चामडी पट्टा सैल पडलेला असायचा. धोटा पेटीत पुरता शिरत नव्हता आणि त्या ठोक्यात किंचित फरक पडत होता. इतक्या गदारोळात तो फरक त्यांना वेगळा ऐकू येई. कारागीर त्यांच्याकडे बघत राहायचे. आमच्या लेखी तर ते सुपरमॅनच होते.

मग त्यांचे कान गेले. आधी उंच स्वर गेले: कुकरची शिट्टी, दारावरची घंटी, माझ्या धाकट्या भावाची हाक. अंतर्कर्णात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. सततच्या मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. शेवटच्या वर्षांत अण्णा मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थरथरीवरून बिघाड सांगायचे. आपण जवळ जाऊन बोललो तर ते आपल्या ओठांकडे बघत. शेडमधले सगळेच जुने लोक ओठ वाचतात.

आम्हा भावंडांत त्यांच्या कानांची ती करामत कोणाकडे आली नाही. त्यांचा बहिरेपणाही कोणाकडे आला नाही. दोन्ही त्यांना मागाने दिलं होतं, रक्ताने नाही. शेडच्या शेठला मात्र हे पटणारं नव्हतं. 'खाण तशी माती' म्हणत त्यांनी माझ्या भावाला दहावी होताच शेडमध्ये घेतलं. जॉबरचा पोरगा, त्याला शिकवायला काय लागतं? म्हणून त्याला कोणी शिकवलंच नाही. अण्णा स्वतः सोलापुरात एका म्हाताऱ्या जॉबरच्या मागे पाने-पक्कड घेऊन वर्षानुवर्षं फिरले होते, त्याच्या शिव्या खाऊन शिकले होते, याचा सगळ्यांना विसर पडला. भावाला दोष सापडला नाही की ऐकावं लागे, "अण्णांचा मुलगा ना तू? आणि हे येत नाही?" तो खचला आणि शेड सोडून गेला. आज तो मानकोलीकडच्या एका गोदामात मालाचा हिशेब ठेवतो आणि चोख ठेवतो. मला तर शेडमध्ये कोणी बोलावलंच नाही. मुलीत काही उतरलं असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

अभिमन्यूची गोष्ट आपण बापाच्या विद्येचा वारसा म्हणून सांगतो. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली, तिला झोप लागली म्हणून बाहेर पडण्याची राहिली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. अर्जुनाचा मुलगा म्हणून भोवतालच्या मोठ्यांनी अर्धं शिकलेल्या पोराला पुढे घातलं. पुरतं शिकवायला कोणाला सवड नव्हती, मरायला पाठवायला मात्र सगळे तयार होते. वारशावर भिस्त ठेवली की शिकवण्याची जबाबदारी आपोआप झटकता येते.

विणकरीच्या बाबतीत तर भिवंडीचा इतिहासच वारशाच्या समजुतीला खोटं पाडतो. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकरांची घरं इथे आली. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले आणि पद्मानगर वसलं. यांच्या घरांत पिढ्यानपिढ्या माग होता हे खरं. पण आज शहरातल्या यंत्रमागांवर रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी जणांच्या घरात कोणी कधी धोट्याला हात लावला नव्हता. उत्तर प्रदेश-बिहारमधल्या शेतमजुरांची ही मुलं. गावचा कोणी ओळखीचा त्यांना शेजारी उभं करतो, तुटलेली तार सांधायला शिकवतो, कांडी बदलायला शिकवतो, आणि काही महिन्यांत ती माग सांभाळू लागतात. विणकर रक्तातून होत असता, तर हे शहर केव्हाच बंद पडलं असतं.

मग घरातून पोराकडे येतं तरी काय? माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा ओरडून बोलायचा. साधं उत्तर द्यायचं तरी शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. शिक्षकखोलीत त्याच्याविषयी 'मागवाल्यांची पोरं अशीच' असं बोललं जाई. मी त्याच्या घरी गेले. शांतीनगरच्या बाजूची गल्ली, खाली दोन्ही हातांना माग, वर खोल्या. मला दिलेल्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. आई माझ्याशी बोलताना माझ्या ओठांकडे बघत होती. घरातलं प्रत्येक माणूस ओरडून बोलत होतं आणि कोणी कोणावर चिडलेलं नव्हतं. त्या घरात हळू बोललेलं ऐकूच जात नाही. मुलगा जे शिकला होता ते त्या खोलीतलं शहाणपण होतं, आणि शाळेने त्याला त्याच्या वंशाचा दोष ठरवलं होतं. तो अभ्यास कुठे करतो हे विचारलं, तेव्हा आईने जिन्याकडे बोट दाखवलं. पाळी बदलताना काही वेळ माग थांबतात, तेवढ्यात जिन्यावर बसून तो पाढे म्हणतो.

पिढीकडून पिढीकडे जातं ते हे. मागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांभोवती शंभर मीटरचा शांतता परिसर धरला, तर दिवसा ५० आणि रात्री ४०. कापसाच्या तुसाने फुप्फुसाला जडणारा बिसिनोसिस आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा हे दोन्ही कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. बिसिनोसिसची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. कायद्यालाही ठाऊक आहे की हे रोग कामाचे आहेत. आपण मात्र खोकणाऱ्या बापाचा खोकणारा मुलगा पाहिला की 'घराण्यातच दमा आहे' म्हणून मोकळे होतो. पोर त्याच गल्लीत, त्याच तुसात श्वास घेतं, हे लक्षात येत नाही. आईला गरोदरपणात पोटभर खायला मिळालं नाही, तर बाळ जन्मतःच कमी वजनाचं होतं. म्हणजे परिस्थिती गर्भापर्यंत जाऊन पोहोचते. ते पाहून 'जन्मजात अशक्त' असा शिक्का मारणं म्हणजे आपल्या हातातलं काम नशिबावर ढकलणं आहे.

सुपरमॅनच्या गोष्टीतच याचं उत्तर आहे, आणि ते मुलांना सांगताना मला फार आनंद होतो. क्रिप्टॉनवर लाल सूर्य होता. तिथे सुपरमॅनचे आईबाप, त्याचे सगळे भाऊबंद साधीसुधी माणसं होती. कोणी उडत नव्हतं. त्याची ताकद जागी झाली ती पृथ्वीवर, पिवळ्या सूर्याच्या उन्हात. 'कोई मिल गया'मधल्या जादूचंही तसंच. त्यालाही ताकद लागते ती उन्हाची. कथाकारांनी नकळत शास्त्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट सांगून ठेवली आहे: बीज असेल कसंही, त्याला फुटायला जागा आणि ऊन लागतं. शिवाय सुपरमॅनला वाढवलं कॅन्ससच्या शेतकरी जोडप्याने. त्याने ताकद कशासाठी वापरावी हे त्याला केंट आईबाबांनी शिकवलं. जेसनलाही रोज रात्री अंथरुणावर घालणारा बाप रिचर्डच होता.

ही गोष्ट ज्यांनी रचली ती मुलंही कापडाच्याच धंद्यातल्या घरांतली. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधली दोन स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली पोरं. जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले त्या प्रसंगात ते कोसळले आणि गेले. जोचे वडील शिंपी होते. १९३८ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला आणि त्याचे हक्क या दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले होते. शिंप्याच्या पोराच्या हातात कात्री उतरली का, असं विचारत कोणी बसलं असतं तर हे चित्र कागदावर आलंच नसतं. त्यांच्या शाळेत एक शालेय वृत्तपत्र होतं, आणि त्यात लिहायला मुलांना जागा होती.

आपल्या महाराष्ट्रात सुपरमॅन झाला तो मालेगावात, भिवंडीच्याच भावंडासारख्या यंत्रमागाच्या गावात. नासिर शेख यांनी आपल्या गावातल्या माणसांना घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन' काढला, आणि फैजा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर २००८ मध्ये माहितीपट केला. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, मागावर काम करणारा सडपातळ तरुण. २०१२ मध्ये माहितीपट आपल्या चित्रपटगृहांत लागला, त्याआधीच शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. रीमा कागती यांच्या २०२५ च्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'ने ही सगळी मंडळी देशाला पुन्हा दाखवली. माझ्या वर्गातल्या मुलांना शफीक 'सुपरमॅन रिटर्न्स'मधल्या ब्रँडन राउथपेक्षा जवळचा वाटतो. अभिनयाचं घराणं नसलेल्या त्या तरुणात जे होतं ते बाहेर यायला एक मित्र, एक कॅमेरा आणि थोडी सवड पुरली. तोंडाचा कर्करोग बहुतेकदा येतो तंबाखूतून, आणि रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून मागावर तंबाखू मळली जाते हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. तो आजारही वंशातला नव्हे.

कोणी म्हणेल, बाई सगळं परिस्थितीवर ढकलतात. आनुवंशिकता काही खोटी नाही. मुळीच खोटी नाही, मी तीच शिकवते. फिनलंडचे एरो मॅन्टिरांटा हे बर्फावरचे धावपटू. त्यांच्या शरीरात एका जनुकीय बदलामुळे तांबड्या रक्तपेशी जास्त तयार होत, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त मिळे. १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदकं मिळवली. सुपरमॅनच्या शक्तीच्या जवळ जाणारं खऱ्या जगातलं हे उदाहरण. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्या कुटुंबाची तपासणी केली तेव्हा हाच बदल अनेक नातेवाइकांत सापडला. ते सगळे काही ऑलिंपिकला गेले नाहीत. जनुक होतं तरी त्याच्याबरोबर बर्फ, सराव आणि जिद्द लागलीच.

याउलट फ्रान्सिस गाल्टनने १८६९ मध्ये नामवंत इंग्रजांची वंशावळ मांडून बुद्धी घराण्यातून येते असं जाहीर केलं. न्यायाधीशाच्या मुलाला बापाच्या बुद्धीबरोबर बापाचा वाडा, ग्रंथालय आणि ओळखीपाळखीही मिळतात, याचा त्याने नीट हिशेब केला नाही. त्याच विचारातून पुढे 'उत्तम वंश' निपजवण्याची कल्पना त्याने मांडली आणि विसाव्या शतकात तिने माणसांचा किती संहार केला हे जगाला माहीत आहे. गंमत अशी की उंचीची मोजमापं घेताना गाल्टनलाच आढळलं होतं की फार उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्यापेक्षा कमी उंच भरतात.

आपल्याला गाल्टनची गरजही पडली नाही. रंगभूमीवर उतरलेल्या कर्णाला कृपाचार्यांनी कुळ विचारलं तेव्हाच आपण हा प्रश्न हत्यार म्हणून वापरायला शिकलो. कर्ण सूर्याचा मुलगा, कवचकुंडलं घेऊन जन्मलेला. वारशाने मिळावं ते सगळं त्याला मिळालं होतं आणि तरी त्याला स्पर्धेत उभं राहू दिलं गेलं नाही, कारण लोकांच्या हिशेबी तो सारथ्याचा पोर होता. जातीचा सगळा कारभार याच प्रश्नावर चालतो. लाहोरला व्हायचं होतं आणि होऊ दिलं गेलं नाही, त्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच सांगितलं आहे: माणसाचं काम त्याच्या कुवतीवरून न ठरता आईबापांच्या दर्जावरून आधीच ठरवलं जातं. मागवाल्याचं पोर मागावर, हमालाचं पोर गोदामात, हे आपण आजही निसर्गनियमासारखं बोलतो.

कौतुक करतानाही आपण हेच करतो. डिसेंबर २०२२ मध्ये अर्जुन तेंडुलकरने गोव्याकडून रणजी पदार्पणात शतक केलं आणि बातम्या लागल्या त्या 'वडिलांसारखंच' म्हणून. त्या मुलाचं शतकही आपण त्याचं स्वतःचं राहू दिलं नाही. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक होते. सचिनमध्ये कविता उतरली का, असं कोणी विचारत बसलं नाही, म्हणून तो मोकळेपणाने खेळू शकला. दहावीचा निकाल लागला की आमच्या शहरातल्या मुलींची छायाचित्रं छापून येतात: 'यंत्रमाग कामगाराच्या मुलीचं यश'. संपादकांचा हेतू चांगला असतो हे मी जाणते. पण त्या मथळ्यात आश्चर्य दडलेलं असतं, जणू अशा घरात बुद्धी सापडणं हा चमत्कार आहे. त्या मुलीचं नाव, तिचा आवडता विषय आणि तिला पुढे काय करायचं आहे, हे मथळ्यात येऊ द्या. बापाचा धंदा सांगायचाच असेल, तर तिने कुठल्या आवाजात आणि किती जागेत अभ्यास केला तेही सांगा आणि ते बदलायची जबाबदारी कोणाची हेही विचारा.

ते बदलणं अशक्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ऐकण्याचे दोषही येतात. भिवंडीत ही तपासणी मागांच्या वस्त्यांतून सुरू झाली पाहिजे आणि यंत्राने झाली पाहिजे. पाठीमागे टाळी वाजवून मुलाने मान वळवली की 'ठीक' असं लिहिणं पुरेसं नाही, कारण उंच स्वर आधी जातात आणि टाळी बरीच उशिरापर्यंत ऐकू येते. शाळांच्या शंभर मीटरच्या आत चालणाऱ्या शेडांचा आवाज महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजावा आणि आकडे जाहीर करावेत. शांतीनगर, गैबीनगर, पद्मानगर, कामतघर, नारपोली अशा प्रत्येक भागात रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी, जाड भिंतींची एकेक अभ्यासिका हवी. मुलींना तिथून परतताना भीती वाटू नये एवढा रस्त्यावर उजेड हवा.

मालक म्हणतील, धंद्यात राम राहिलेला नाही, माग भंगारात निघालेत. ते खरं आहे, मी रोज पाहते. पण कानात घालायच्या बोळ्यांची किंमत मागावर चढवायच्या सुताच्या एका बीमच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि बहिरा झालेला जॉबर कोणत्याही भावात परत मिळत नाही. बोळे फुकट द्या, ते वापरायची सवय लावा, तूस बाहेर खेचणारा पंखा बसवा. आणि माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: प्रवेश अर्जातला वडिलांच्या धंद्याचा रकाना शिष्यवृत्तीसाठी भरून घ्या आणि वर्गात पाऊल टाकताना तो विसरून जा. ओरडून बोलणाऱ्या मुलाला गप्प बसवण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. जॉबरच्या पोराला पाना हातात देण्याआधी तो कसा धरायचा हे शिकवा, आणि त्याच्या बहिणीलाही शिकवा.

जेसनमध्ये सुपरमॅन उतरला का, याचं उत्तर त्या सिनेमाने उघडं ठेवलं ते योग्यच केलं. कोणाही पोरात काय आहे हे जन्माच्या दाखल्यावरून कळत नाही. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात भागागणिक अभ्यासिकेची आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या कानांच्या तपासणीची तरतूद दिसली पाहिजे, आणि ती कागदावर न राहता खर्च झाली पाहिजे. एवढं आपण केलं तर कोणात काय आहे ते मुलं स्वतःच दाखवतील.